पाद्री गुरूपुढचा ब्राह्मण

मराठी भाषा दिन आला की आमच्या इंदूरच्या मल्हारगंजातही फादर स्टीफन्सची आठवण निघते. मोगरा, कस्तुरी, मोर यांच्या पंक्तीला मराठीला बसवणाऱ्या त्याच्या ओव्या कुणीतरी म्हणतंच. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आणि हिंदीच्या शेजारात पिढ्या काढलेल्या माणसांना एका इंग्रजाने केलेलं हे कौतुक सुखावतं, यात नवल नाही. पण या ओव्या ज्यात आहेत त्या त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, एक छोटा प्रसंग आहे, तो मात्र कुणी म्हणत नाही. माझ्या मते साऱ्या ग्रंथाची नस तिथे आहे.

नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री गुरूपाशी येतो. तुम्ही शिकवता ते सारं आम्ही मानतो, असं आधी म्हणतो. मग हळूच मनातलं काढतो. आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत. निदान त्यांच्या जागी तशीच दुसरी काही करून दिलीत तर मोठे उपकार होतील. गुरूला ते पटतं आणि पुराण सुरू होतं. म्हणजे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा डोलारा एका बंदीवर उभा आहे आणि हे कवी स्वतःच आरंभी सांगून टाकतो.

त्या माणसाच्या बोलण्याची ढब पाहा. तक्रार आहे, पण ती विनंतीचा वेश घेऊन आली आहे. बंदी उठवा, असं तो म्हणत नाही. ते शक्य नाही हे त्याने ओळखलेलं आहे. ज्यांनी काढून घेतलं त्यांच्याकडेच तो भरपाई मागतो, आणि तीही उपकार म्हणून. दबलेल्या माणसाची ही भाषा स्टीफन्सने इतकी अचूक पकडली आहे की असं कुणीतरी त्याच्यासमोर खरोखर बोललं असावं, असं मला वाटतं. हे बोल गाळले असते तरी पुराण अडलं नसतं. त्याने ते ठेवले. कवी म्हणून त्याचा मोठेपणा मला मोगरा-कस्तुरीहून इथे जास्त जाणवतो.

त्या विनंतीमागे काय होतं, ते गोव्यातल्या साष्टीच्या इतिहासात आहे. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. 1567 च्या सुमारास साष्टीतली शेकडो देवळं पाडली गेली. स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं मुख्यतः साष्टीतच राहिला. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी स्टीफन्सच्याच जेझुइट पंथातल्या पाच जणांना मारलं. त्यांचे देह स्वीकारणाऱ्यांत स्टीफन्स होता. त्यानंतर बोलणी करायची म्हणून गावच्या मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांना ठार केलं. कुंकळ्ळीचं हे प्रकरण जवळून पाहिलेला माणूस 1616 मध्ये रायतूरला ओवीबद्ध पुराण छापतो. तो इंग्लंडातून निघाला तो काळही विसरता येत नाही: तिथे प्रॉटेस्टंट राजवटीत कॅथलिक असणं गुन्ह्यासारखं होतं आणि त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड धर्मापायी वर्षानुवर्षं तुरुंगात होता. धर्माची सक्ती कशी असते हे त्याला कळत नव्हतं, असं मी मानणार नाही. कळत होतं, आणि तरीही साष्टीत तो सक्ती करणाऱ्यांच्या बाजूला होता.

हे लक्षात ठेवून नमनाच्या ओव्या वाचाव्यात. स्वर्ग आणि पृथ्वी रचणाऱ्या बापाला वंदन करताना कवी त्याला ऋद्धिसिद्धी देणारा म्हणतो. कान टवकारतात. हे बिरूद आपण कुणाला लावतो ते सांगायला नको. देवळातून हाकललेला गणपती विशेषणाच्या रूपाने पहिल्याच पानावर येऊन बसला आहे. ज्ञानेश्वरीच्या पारायणात वाढलेल्या माझ्यासारख्याला ही ओवी परकी वाटतच नाही. तोच ठेका, तोच शेवटचा आखूड चरण, तीच श्रोत्याला जवळ ओढायची रीत. गोडी खरी आहे. ती गोडीच कामाला लावली होती, हेही खरं आहे. सत्तेने देऊळ पाडलं तर मनात देव राहतो. पण देवाची विशेषणं, लय, कथा सांगायची पद्धत उचलून त्यात दुसरा देव बसवला की आठवणीलाही जागा उरत नाही. दगडाच्या तोडफोडीपेक्षा ही सत्ता खोल जाते.

मागणी करणारा ब्राह्मण आहे, हीसुद्धा सहज घडलेली गोष्ट नाही. बाप्तिस्म्यानंतरही गोव्यात बामण, चाड्डो, सुदीर अशा जाती राहिल्याच. पाद्र्याच्या कानाशी जाऊन पुराण मागण्याची सोय कुणाला होती, ते या प्रसंगातून आपोआप दिसतं. शेतात राबणाऱ्या नव्या ख्रिस्त्याला कशाची उणीव भासत होती, हे कवीने कुणालाच विचारू दिलेलं नाही.

पुढे लोकांच्या भाषेत धर्म सांगण्याची ही सवलतही राज्यकर्त्यांना जड झाली. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. 1736 मध्ये इन्क्विझिशनने अंगणातल्या तुळशीपर्यंत हात घातला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातल्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज हाती नाही. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती घरांनी ते हाताने उतरवून जपलं, म्हणून 1907 मध्ये जोसेफ सालढाणांना ते मंगळुरात छापता आलं. त्या घरांतली काही इन्क्विझिशनच्या धाकानेच निघाली होती.

आणि ब्राह्मणाची ती जुनी पुराणं? रामायण-महाभारतातल्या कथा जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. ज्यांना त्या वाचायला मनाई होती त्यांच्यापासून हजारो कोस लांब, पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात त्या वह्या आजही आहेत.