आवारांतील वनस्पति आणि त्यांच्या याद्या

अलीकडे पुष्कळ महाविद्यालयांनीं आपल्या आवारांतील वनस्पतींच्या याद्या छापावयास आरंभ केला आहे. झाडांना पाट्या लागल्या, पाट्यांवर लॅटिन नांवें आलीं. पुस्तिकांची छपाईहि नेत्रसुखद असते. उपक्रम स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु शिक्षणाचें साधन म्हणून या याद्यांची योग्यता किती, असें विचारल्यास उत्तर तितकें समाधानकारक देतां येत नाहीं.

तुलनेसाठीं थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ पाहावा. कूक हे मूळचे इंजिनीयर व पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल. त्यांचा हा ग्रंथ १९०१ पासून १९०८ पर्यंत भागाभागांनीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. वनस्पतीचें वर्णन, तिचें देशी नांव, ती कोठें व कोणास आढळली, कोणत्या महिन्यांत फुलते, अशी माहिती त्यांत मिळते. भाषा इंग्रजी व पारिभाषिक असल्यामुळें सामान्य विद्यार्थ्यास तो रुक्ष वाटेल, हा दोष खरा. तथापि दिलेली नोंद पुन्हा ताडून पाहण्याची सोय त्यांत आहे, आणि शास्त्राचा पाया तोच होय.

आमच्या पाहण्यांत आलेल्या याद्यांतून नेमकें हेंच गळालें आहे. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष यांना मानाचें पान मिळतें. कुंपणाकडेचा आघाडा, टाकळा, एकदांडी यांचा उल्लेखहि नसतो. कोणती वनस्पति कोणत्या दिवशीं पाहिली, हें तर क्वचितच सांगितलेलें असतें.

तारखेचें एवढें महत्त्व काय, असें कोणी म्हणेल. त्यानें गाजरगवताचा इतिहास आठवावा. मूळ अमेरिकेचें हें तण पुण्यांत आढळल्याची नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. आज तें देशभर माजलें असून त्याच्यामुळें अनेकांस त्वचेचे विकार जडतात. त्या काळीं प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या मैदानाची सालवार नोंद ठेविली असती, तर तें कोणत्या वाटेनें व किती वेगानें पसरलें, हें त्या वह्याच सांगत्या. शोभेच्या झाडांची यादी असल्या प्रसंगीं मुकी राहते.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. तज्ज्ञानें चार दिवसांत यादी करून दिली, कीं विद्यार्थ्याच्या वांट्यास केवळ पाठांतर उरतें. त्याऐवजीं प्रत्येकास एकेक झाड किंवा हातभर जमीन नेमून द्यावी. पानगळ, पालवी, फूल, फळ यांचे दिवस त्यानें वर्षभर वहींत टिपावे आणि ती वही पुढील वर्गाच्या स्वाधीन करावी. दहा वर्षांनीं अशा वह्यांतून जी सूची सिद्ध होईल ती दिसावयास साधी असेल. पण ती करतांना शेंकडों मुलें पाहावयास शिकलेलीं असतील.

पुस्तिकांचें आम्ही स्वागतच करतों. पुढील आवृत्तींत मात्र तारखांना आणि तणांना जागा मिळावी, एवढीच सूचना.