पोथीचें गांव

आषाढाच्या सुमारास तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापुराकडे निघते. वाटेंत काटेवाडीस परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचें रिंगण होतें, आणि हजारों मुखांतून अभंग उमटतात. त्या गर्दींत पोथीची आठवण कोणास होत नाहीं. व्हावी तरी कां? परंतु हा अभंग कोणत्या वहींतून आपणांपर्यंत आला, हा प्रश्न विद्यापीठांतील मराठीच्या वर्गांतही क्वचितच निघतो, हें आम्हांस खटकतें.

विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं १८६९ व १८७३ सालीं दोन भागांत गाथा प्रसिद्ध केला, तेव्हां देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील हस्तलिखितें समोर ठेविलीं. प्रत्येक पोथी आपल्या गांवाच्या नांवानें ओळखिली गेली. पुढें १९१९-२० च्या सुमारास वि. ल. भावे यांनीं संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून ‘अस्सल गाथा’ छापला. त्यांतील अभंग पंडितांच्या चार हजारांवर गेलेल्या संख्येहून पुष्कळ थोडे. खरे तुकोबा किती, हा वाद मग रंगला. वाद घालणाऱ्यांस आपापली पोथी कोठली हें सांगतां येत होतें, म्हणून त्या वादास कांहीं अर्थ होता.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचेंही तेंच. भांडारकर संस्थेंत १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या ह्या कामीं १,२५९ हस्तलिखितें तपासण्यांत आलीं. डॉ. सुखटणकरांनीं त्यांची विभागणी मुख्यतः लिपीवरून, म्हणजे पर्यायानें प्रांतावरून केली. मात्र त्याच संस्थेकडे १९१८ सालीं आलेल्या सरकारी संग्रहांतील पोथ्यांचे क्रमांक पाहावे. ‘अमुक क्रमांक, सन १८८०-८१’ अशा धर्तीचा तो आंकडा संपादनाचें वर्ष सांगतो. पोथी कोणाच्या देवघरांत होती, हें त्यावरून समजत नाहीं.

पोथ्या गांवांतच राहूं द्याव्या, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष आम्ही घेत नाहीं. वाळवी, पाऊस आणि भावाभावांतील वांटण्या ह्यांपुढें कोणती पोथी टिकणार? पण संग्रहांत येऊन ती कुलुपांत पडली, तर विद्यार्थ्यांस तिचा उपयोग काय? लेखकाचा हात चुकला म्हणजे तो त्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देई. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार सर्रास वापरणारा विद्यार्थी तो लेप डोळ्यांनीं पाहातो, तेव्हां समासांत बारीक अक्षरानें घातलेला शब्द लेखकाचा कीं मागाहून आलेल्या वाचकाचा, असें तो न सांगतां विचारूं लागतो. आतां यंत्रानें पानांचीं उत्तम चित्रें घेतां येतात, आणि तें स्वागतार्हच आहे. पण चित्रांतला कागद उजेडाकडे धरतां येत नाहीं.

काटेवाडीजवळच्या बारामतीस मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) आयुष्याचा मोठा भाग घालविला. ह्या टापूंत एखाद्या जुन्या घरीं आर्यांची वा अभंगांची वही निघाली, तर संग्राहकानें रुमाल उचलण्यापूर्वीं घरधन्यास विचारावें : ही येथें कोणी आणिली? कोण वाचीत असे? कोणत्या दिवशीं? मिळतील तीं उत्तरें चिठ्ठीवर लिहून ती त्याच रुमालांत बांधावी, आणि पोथी वर्गांत येईल तेव्हां विद्यार्थ्यांस आधीं ती चिठ्ठी वाचावयास द्यावी.