निवाडपत्रांचे गद्य : पराभूत पक्षाचे निवेदन

मराठी गद्याचा इतिहास लिहिताना आपण महानुभावांच्या चरित्रग्रंथांपासून निघतो, बखरींपाशी थोडे थांबतो आणि तेथून एकदम अव्वल इंग्रजीतील भाषांतरांकडे वळतो. या मार्गावर एक मोठा गद्यसंग्रह बाजूस राहतो. वतन कोणाचे, शेताचा बांध कोठला, थोरली शाखा कोणती, दत्तक खरा की खोटा, अशा नित्याच्या तंट्यांतून निर्माण झालेले महजर, करीने आणि निवाडपत्रे यांचा हा संग्रह होय. इतिहाससंशोधकाने त्यांना साधने म्हणून सांभाळले. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे गद्य म्हणून क्वचितच पाहिले. ही उपेक्षा अयोग्य आहे, आणि या कागदांचा एक वाङ्मयीन विशेष असा आहे की जो पुढील काळातील न्यायालयीन लेखनात लोप पावला, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादावयाचे आहे.

या कागदांच्या अभ्यासाची परंपरा लहान नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हापासून असे कागद छापून येत आहेत. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी प्रबंध १९५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. इ. स. १६०० ते १८१८ या काळातील न्यायसंस्थांची मांडणी त्यांनी मूळ निवाड्यांच्या आधारे केली, आणि तिच्यावाचून आजही पाऊल पुढे टाकता येत नाही. तथापि गुण्यांचा प्रश्न संस्थेचा आहे : सभा कोणती, अधिकार कोणाचा, शुल्क किती. कागद बोलतो कसा, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. सुमित गुहा यांनी २००४ मधील एका लेखात या प्रश्नाला हात घातला. न्यायसभेपुढे हक्क सिद्ध करण्याच्या गरजेतूनच या प्रदेशात गतकाळाच्या कथनाची शिस्त वाढली आणि बखरीलाही तिचा आधार मिळाला, हे त्यांचे म्हणणे मान्य होण्याजोगे आहे. मात्र त्यात निवाडपत्राचे महत्त्व बखरीची पूर्वतयारी म्हणून येते. निवाडपत्र हा स्वतंत्र गद्यप्रकार आहे, एवढी भर त्यात घालणे अवश्य वाटते.

या प्रकाराची घडण प्रथम पाहू. वादी तो अग्रवादी, प्रतिवादी तो पश्चिमवादी. सभेचा निर्णय मान्य करू असा राजीनामा दोघांकडून घेतला जाई आणि त्याप्रमाणे वागण्याबद्दल जामीन घेतले जात. नंतर प्रत्येक जण आपली हकीकत मुळापासून लिहून देई. पंच त्यावर प्रश्न करीत, ही पुरसीस. मग साक्षी व कागदपत्र. शेवटी हजर मंडळींच्या नावांसह निर्णय लिहिला जाई. त्या मंडळींत देशमुख-देशपांडे असत, तसेच गावचे बलुतेदारही असत. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाचा नांगर हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. हरलेला पक्ष आपला पराभव कबूल असल्याचे यजितखत लिहून देई.

साहित्यदृष्ट्या या सर्वांत करीना मोलाचा. मूळ पुरुष कोण, त्याचे पुत्र किती, दुष्काळात कोण परागंदा झाले, मागे राहिलेल्या विधवेने वहिवाट कोणाच्या हाती सोपविली, चुलत्याने मुतालिक म्हणून काम करता करता शिक्का आपलाच कसा म्हटला, हे सर्व त्यात ओघाने येते. येथे वर्णनासाठी वर्णन नसते. तपशील येतो तो पुरावा म्हणून. होळीची पहिली पोळी कोणी बांधली, हे सांगावयाचे ते वडीलपण सिद्ध करण्यासाठी. असा प्रत्येक तपशील निर्णयाचा भार वाहत असल्यामुळे हे गद्य आटोपशीर राहते. वाक्ये लहान असतात, क्रियापदे पुष्कळ असतात, आणि एका प्रसंगातून दुसरा प्रसंग निघतो. कारणपरंपरेने चालणारे कथानक मराठीस कादंबरीबरोबर मिळाले, असे मानणाऱ्यांनी एखादा भाऊबंदकीचा करीना वाचून पाहावा.

परंतु मुख्य विशेष याहून निराळा आहे. पूर्ण स्वरूपाच्या निवाडपत्रात दोन्ही हकीकती शेजारीशेजारी नोंदविलेल्या असतात. हरणाऱ्याचे म्हणणे गाळले जात नाही, किंवा एका ओळीत आटोपले जात नाही. ते त्याच्या बाजूने, त्याच्या क्रमाने मांडून मग ते का टिकत नाही हे सांगितले जाते. याचे कारण सौजन्यात शोधू नये. ज्या गोताने निर्णय दिला त्याच गोतात हरलेल्यास उद्यापासून राहावयाचे असे, आणि त्याच्या संमतीवाचून निर्णय टिकत नसे. शिवाय हाच तंटा नातवाने पुन्हा उकरून काढू नये म्हणून पूर्वी काय बोलले गेले होते हे लिहून ठेवणे भाग होते. अशा रीतीने व्यवहाराच्या गरजेतून एक वाङ्मयीन गुण निपजला : एकाच घटनेच्या दोन परस्परविरोधी कथनांना एकाच पृष्ठावर स्थान मिळाले.

यावर आक्षेप संभवतात, आणि ते गंभीर आहेत. लेखणी कारकुनाची आहे. पक्षकाराचे बोलणे त्याच्या ठराविक साच्यातून गाळून आपल्यापर्यंत येते. ज्यास वतन नाही त्याची हकीकत सहसा लिहिली जात नाही. स्त्री येते ती बहुधा कोणाची विधवा किंवा माता म्हणून. आणि जेथे साक्षीपुराव्याने निभाव लागत नसे तेथे दिव्याचा आश्रय घेतला जाई. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढावयाचा, हातास पिशवी बांधून मोहोर करावयाची, आणि पुढे हात पाहून निर्णय द्यावयाचा. येथे निवेदन संपते व शरीर साक्ष देते. तेव्हा या कागदांत लोकशाहीचा आदर्श पाहणे भाबडेपणाचे होईल. आमचे म्हणणे मर्यादित आहे : ज्यांना या पृष्ठावर प्रवेश होता त्यांच्यापैकी हरणाऱ्याचाही आवाज तेथे टिकला.

या गुणाचे मोल कर्जरोख्याशी तुलना केली असता स्पष्ट होते. ‘निबंधमाले’चा प्रारंभ १८७४ चा. तेथून अर्वाचीन मराठी गद्य वयात आले असे आपण शिकवितो. दुसऱ्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, आणि दंग्याचे लोण आसपासच्या गावांत पसरले. अनेक ठिकाणी त्यांचा रोख पैशापेक्षा रोख्यांवर होता. ते त्यांनी हिसकावून जाळले. हेही मराठी गद्यच होते, पण करीन्याच्या नेमके उलट. त्यात एकच आवाज, एकच रक्कम. मागील व्याज मुद्दलात कसे मिसळले, किती वेळा रोखा बदलला, हे काहीही नाही. ज्याने निशाणी केली त्यास तो वाचताही येत नसे. आणि दिवाणी न्यायालय रोख्याच्या मागे सहसा जात नसे.

१८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत लागू झाला. त्याच्या १२ व्या कलमाने न्यायाधीशावर असे बंधन घातले की, शेतकऱ्यावरील कर्जाच्या दाव्यात व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा. कायद्याच्या परिणामांविषयी मतभेद आहेत. त्यात आम्ही शिरत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकास एवढेच ध्यानात घेण्यासारखे आहे की, बंद झालेली हकीकत उघडण्यासाठी कायद्यास पुन्हा करीन्याचीच रीत आठवावी लागली.

आजच्या दिवाणी न्यायालयात जुने शब्द वावरत आहेत. प्रतिवादीच्या लेखी उत्तरास कैफियत म्हणतात. पक्षकाराच्या लेखी निवेदनास पुरसीस म्हणतात. राजीनामा मात्र निर्णय मान्य करण्याच्या संमतीपासून नोकरी सोडण्याच्या पत्रापर्यंत येऊन पोहोचला. शब्द टिकले, घडण बदलली. वाटपाच्या दाव्यात मिळकतीच्या चतुःसीमा बिनचूक असतात. भावाभावांत बिनसले का, हे दाव्यास कारण घडल्याच्या तारखेत सामावले जाते. निर्णयाचे बळ आता शासनाचे आहे. हरणाऱ्याच्या संमतीची त्यास आवश्यकता उरलेली नाही. न्यायाच्या दृष्टीने यात लाभ पुष्कळ झाला, हे निःसंशय. गद्याच्या दृष्टीने काय गेले, ते आपण मोजलेले नाही.

ते मोजावयाचे तर मोडी वाचणे आणि कागदाची छापील प्रत मुळाशी ताडून पाहणे, हे काम मराठी विभागांनी इतिहास विभागांवर सोपवून चालणार नाही. एकाच तंट्याचे दोन करीने घेऊन कोणता प्रसंग कोणी सांगितला, कोणी गाळला आणि पंचांनी कोणाचा शब्द आपल्या निर्णयात उचलला, एवढे जरी पदव्युत्तर विद्यार्थ्याने काटेकोरपणे नोंदविले, तरी निवेदनाच्या अभ्यासास येथल्या मातीतला पाया मिळेल. आपल्या गद्यात हरलेल्याची बाजू लिहून ठेवण्याची एक रीत होती. तिचा शोध घेतल्याशिवाय त्या गद्याचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.