लेन्स निवडायची म्हणजे अंतर निवडायचं

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी तिघाचौघांनी वेगवेगळ्या शब्दांत मला एकच प्रश्न विचारला. "फुलं, किडे जवळून काढायचे आहेत, आणि घरच्या माणसांचे चांगले फोटोही काढायचे आहेत. पैसे एकाच लेन्सपुरते आहेत. मॅक्रो घेतली तर दोन्ही भागेल का?" आणि त्याला जोडून एक भीती. "पण मॅक्रो फार शार्प असते म्हणतात. चेहऱ्यावरचं छिद्र न् छिद्र दिसतं. मग पोर्ट्रेटला ती वाईटच ना?"

प्रश्न दुकानाच्या काउंटरवरचा वाटतो, पण तो खरा समीक्षेचा आहे. चांगलं पोर्ट्रेट कशाला म्हणायचं, हे आधी ठरवल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आज तीन छायाचित्रकारांची कामं बघू आणि मग लेन्सकडे येऊ. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चेहरा बिघडवते ती लेन्सची शार्पनेस नव्हे. आपण कुठे उभे राहतो, त्यानं तो बिघडतो.

पहिलं काम कार्ल ब्लॉसफेल्ट यांचं. बर्लिनच्या कलाशाळेत शिकवणारे हे गृहस्थ. विद्यार्थ्यांना अलंकरणाचे नमुने दाखवायचे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं वनस्पतींचे फोटो काढले. नेच्याचा गुंडाळलेला कोंब, हॉर्सटेलचा शेंडा, बोंडं, देठ, सगळं कित्येक पट मोठं करून. १९२८ मध्ये त्यांचं 'उरफॉर्मेन डेर कुन्स्ट' हे पुस्तक आलं आणि ते एकदम प्रसिद्ध झाले. त्यांची चित्रं नीट बघा. मागे साधा करडा किंवा पांढरा पडदा, उजेड मऊ. वारा नाही, माती नाही, ऋतू नाही. नेच्याचा कोंब एखाद्या लोखंडी जाळीतल्या वळणासारखा दिसतो. ही ताकदही आहे आणि मर्यादाही. वनस्पतीचा आकार आपल्याला पूर्ण मिळतो, पण ती कुठे वाढली हे कळत नाही. ब्लॉसफेल्टना ते सांगायचंच नव्हतं. त्यांना नमुना हवा होता, आणि नमुना म्हणून ते काम अव्वल आहे.

आता मॅक्रो लेन्सचं मूळ कशात आहे बघा. निकॉननं १९५६ मध्ये ५ सेंटिमीटरची मायक्रो-निक्कोर काढली, ती फुलपाखरांसाठी नव्हती. कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवण्यासाठी होती. जपानी लिपीतली कांजी अक्षरं म्हणजे एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं बसलेल्या रेघा. त्या एकमेकींत मिसळू न देता टिपणारी लेन्स हवी होती. म्हणून ही लेन्स जवळच्या अंतरावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखी स्पष्ट. म्हणजे तिचा पिंड नक्कलनवीसाचा. समोर जे आहे ते काना-मात्रा न चुकवता उतरवायचं. आता प्रश्न असा, की माणसाचा चेहरा हा उतरवून घ्यायचा कागद आहे का?

याच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरॉनबाई. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी हातात कॅमेरा आला. त्या काळी फोटोग्राफीच्या जाणकारांनी त्यांच्यावर टीका केली, ती हीच, की बाईंना फोकस करता येत नाही. बाईंचं म्हणणं असं, की योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? १८६७ मध्ये त्यांनी काढलेलं शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचं पोर्ट्रेट तुम्ही पाहिलं असेल. काळोखातून बाहेर आलेला म्हातारा चेहरा, विस्कटलेले पांढरे केस, ओलसर डोळे. सुरकुत्या आहेत, भरपूर आहेत. त्या झाकलेल्या नाहीत. पण आपण त्या मोजत बसत नाही, कारण नजर थेट डोळ्यांवर जाते. पण त्यांचा प्रत्येक धूसर फोटो थोर आहे असं मी म्हणणार नाही. परीकथेतल्या पंखवाल्या मुलांची त्यांची चित्रं मला आज गोडगोड वाटतात, आणि तिथे धूसरपणा पडद्यासारखा येतो. हर्शेलच्या चित्रात तो येत नाही. तिथे बाईंनी माणूस पाहिलेला आहे.

तिसरे आपल्या काळातले, मार्टिन शोलर. त्यांची 'क्लोज अप' ही मालिका. चेहरा चौकट भरून, कपाळ आणि हनुवटी जवळजवळ कडेला टेकलेली, दोन्ही बाजूंना लांब पट्ट्यांसारखे दिवे, त्यांच्या उभ्या रेघा बुबुळांत दिसतात. डोळे आणि ओठ धारदार, कान मऊ झालेले. अध्यक्ष असो, नट असो की रस्त्यावरचा माणूस, मांडणी एकच. इथे चेहऱ्याला ब्लॉसफेल्टच्या कोंबासारखं वागवलं आहे. त्यातला समतेचा विचार मला पटतो. प्रसिद्ध माणसाचा रुबाब उतरतो, अनोळखी माणसाला तेवढीच जागा मिळते. पण पन्नास चेहरे सलग पाहिले की मला थकवा येतो. सगळे एकाच दिव्याकडे बघताहेत, समोरच्या माणसाकडे कोणी बघत नाही असं वाटू लागतं. याच पद्धतीनं त्यांनी जुळ्यांचे फोटो काढले, २०१२ मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि तिथे ही पद्धत एकदम सार्थ होते. कारण जुळ्यांकडे बघताना आपल्याला तुलनाच करायची असते. नमुना म्हणून बघायला तिथे कारण आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. नवी १०० एमएमची मॅक्रो घेतली होती. आमच्या आत्याला ऐंशी पूर्ण झाली होती. म्हटलं, हिच्या चेहऱ्यावर किती आयुष्य आहे! पार दीड फुटावर गेलो, खिडकीचा आडवा उजेड घेतला आणि फोटो काढला. कापडाची वीण दिसावी तशी कातडी दिसत होती. मी खूश. आत्यानं तो बघितला आणि म्हणाली, "अरे, सुरकुत्या मोजायला बसला होतास का? यात मी कुठाय?"

मी गप्प. मग तिनंच चहा ठेवला. ती खिडकीशी बसली, मी समोरच्या खुर्चीत. गावाकडच्या विहिरीची गोष्ट सांगत होती. तेव्हा त्याच लेन्सनं, एफ ४ वर, दुसरा फोटो घेतला. लेन्स तीच, खिडकी तीच. बदललं होतं फक्त अंतर, आणि ती माझ्याशी बोलत होती. दोन वर्षांनी आत्या गेली. आपल्याकडे काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. घरात धावपळ सुरू होते, चांगला फोटो कुठला आहे, मोठा करून आणा, हार घालायचाय. तेव्हा हा दुसरा फोटो होता. पहिला मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

म्हणून आता हिशोब अंतराचा करू. ३५ एमएमच्या चौकटीचा, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा धरा. खांद्यापासून डोक्यापर्यंत फोटो घ्यायचा, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर उंची उभ्या चौकटीत बसवायची. १०० एमएम लेन्सनं तुम्ही पावणेदोन मीटरवर असाल. ६० एमएमनं एक मीटरच्या आसपास. २०० एमएमनं साडेतीन मीटर, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत तुमची पाठ भिंतीला लागली आणि आत्याशी ओरडून बोलायची वेळ आली.

पावणेदोन मीटर म्हणजे काय, तर समोरासमोर दोन खुर्च्या टाकून बोलायचं अंतर. ९० ते १०५ एमएमची लेन्स पोर्ट्रेटला चालते त्याचं माझ्या मते हे खरं कारण आहे. आणि नाक मोठं, कान लहान दिसणं हाही अंतराचाच खेळ. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतो. तुम्ही ३० सेंटिमीटरवर असाल तर कान नाकापेक्षा ४० टक्के जास्त लांब पडतो. पावणेदोन मीटरवर तो फरक ७ टक्क्यांवर येतो. लेन्स कुठलीही लावा, हे गणित बदलत नाही.

शार्पनेसचं म्हणाल, तर तो दोष उजेडावर टाका. आडवा, कडक उजेड प्रत्येक खळग्यात सावली पाडतो. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, मॅक्रोसुद्धा सौम्य बोलायला लागते.

आता दुसरी बाजू, क्लोज-अप. खरी मॅक्रो म्हणजे वन-टू-वन. ३६ बाय २४ मिलिमीटरची वस्तू, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी, सेन्सरवर तेवढीच उमटते. तिथे एफ ८ ला सुद्धा फोकसची खोली जेमतेम एक मिलिमीटर. शिवाय एफ २.८ ची लेन्स त्या अंतरावर उजेडाच्या हिशोबानं एफ ५.६ होते, आणि एफ १६ लावलंत तर ती एफ ३२ सारखी वागते, चित्र उलट मवाळ होतं. १०० एमएमला वन-टू-वनवर लेन्सच्या पुढच्या काचेपासून किड्यापर्यंत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर उरतं. ६० एमएमला त्याहून बरंच कमी, मग किडा उडतो किंवा तुमचीच सावली त्याच्यावर पडते. कास पठारावर सप्टेंबरात गेलात तर फुलांत पाय टाकायचा नाही, वाटेवरूनच वाकून दवबिंदू नाहीतर सीतेची आसवं काढायची. तिथे हे चार-पाच सेंटिमीटर सोन्याच्या मोलाचे ठरतात.

तेव्हा सरळ उत्तर. फुल फ्रेम असेल तर ९० ते १०५ एमएम. दोन्ही कामं होतील. टॅमरॉनची ९० एमएम १९७९ पासून निरनिराळ्या रूपांत येते आहे आणि पोर्ट्रेटसाठीच तिचं नाव झालं, ते उगाच नव्हे. जुनी, वापरलेली मिळाली तरी वाईट नाही, फक्त आत बुरशी नाही ना, हे टॉर्च मारून बघा. आपल्या पावसाळ्यात तेवढं बघावंच लागतं. छोट्या, एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा असेल तर माणसांसाठी ६० एमएम पुरते, दीड मीटरच्या पुढे उभं राहून काम होतं. किड्यांचं वेड असेल तरच ९०. फोकस लिमिटरचं बटण असलेली लेन्स बघा, नाहीतर पोर्ट्रेट घेताना ऑटोफोकस पुढे-मागे धावत बसतो आणि तेवढ्यात चेहऱ्यावरचं हसू जातं. आणि तुमचे शंभरातले नव्वद फोटो माणसांचे असतील तर मॅक्रो घेऊच नका. ८५ एमएम एफ १.८ घ्या, आणि फुलांसाठी एखादी एक्स्टेन्शन ट्यूब. ती वन-टू-वनला पोचणार नाही, पण जास्वंदीला पुरते.

घेण्याआधी एक दिवस भाड्यानं आणा. सकाळी बागेत जा. संध्याकाळी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर खुर्ची टाकून बसा. आणि कॅमेरा उचलायच्या आधी थोडं बोला.

प्रश्न असतील तर घेऊ या.