सीमेपाशी संपणारी नदी

शालेय नकाशाचा कस पेठसारख्या तालुक्यात लागतो. नाशिक जिल्ह्याच्या राजकीय नकाशात प्रत्येक तालुक्याला वेगळा रंग असतो. गुजरातच्या हद्दीपलीकडे बहुधा कोरा कागद. दमणगंगेची निळी रेघ त्या हद्दीवर तुटते आणि मुलांना नदी तिथेच संपल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. शेजारच्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी मात्र बंगालच्या उपसागराकडे जाते. या दोन खोऱ्यांमधली सह्याद्रीची जलविभाजक रेषा हाच इथल्या भूगोलाचा कणा. नकाशात तालुक्याची हद्द ठळक असते, ही रेषा नसतेच. मग धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात हंडे का फिरतात, हे उमगावे कसे? उताराने पाणी पश्चिमेला धावते, हे नकाशाने दाखवलेलेच नसते.

दमणगंगा-एकदरे-गोदावरी जोडप्रकल्पात हेच पाणी पूर्वेला वळवण्याचा प्रस्ताव आहे. म्हणून रंग खोऱ्यांना द्यावेत, हद्दी बारीक तुटक काढाव्यात, नदी समुद्रापर्यंत न्यावी. आपले पाणी कुठे जाते हे ज्याने पाहिलेच नाही, तो ते वळवताना प्रश्न कसा विचारणार?