एका रुग्णावरून किती बोलायचं?

एचआयव्ही आणि डेंग्यू एकाच माणसाला झाले तर काय होतं, हे वाचायला बसलात की 2003 चा एक छोटा पेपर हमखास समोर येतो. 'क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीझेस'मधला, थायलंडचा. एचआयव्ही असलेल्या एका रुग्णाला डेंग्यू झाला आणि तेवढ्या दिवसांत रक्तातला एचआयव्हीचा व्हायरल लोड उतरला. पुढे 2008 मध्ये पेशींवरच्या प्रयोगात दिसलं, की डेंग्यूच्या विषाणूचं एनएस5 हे प्रथिन एचआयव्हीची वाढ रोखतं.

झालं! 'डेंग्यू एचआयव्हीला दाबतो' असं सरसकट वाक्य लिहायला माणूस मोकळा. मूळ पेपरवर माझा राग नाही. जे दिसलं तेवढंच तो सांगतो. पण एक रुग्ण 'असं घडू शकतं' इतकंच दाखवतो. किती जणांत घडतं, त्याचा रुग्णाला काही फायदा होतो का, हे त्यातून कळत नाही. आणि डिशमधल्या पेशींना ताप येत नाही.

दुसरा प्रश्न जास्त कामाचा: एचआयव्ही असेल तर डेंग्यू गंभीर होतो का? इथे अभ्यास बरेचसे रुग्णालयातले. आता बघा, 2013 च्या एका गाजलेल्या अंदाजानुसार जगात वर्षाला डेंग्यूची 39 कोटी संसर्गं होतात, त्यातली लक्षणं दिसणारी 9.6 कोटी. म्हणजे बहुतेक जण दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. एआरटीसाठी नियमित येणाऱ्याचा साधा ताप मात्र लगेच तपासला जातो. मग हा गट सौम्य दिसतो. उलट डॉक्टरांनी धास्तीने लवकर ॲडमिट केलं, तर तोच गट गंभीर दिसतो. चूक कुठल्या बाजूला झुकलीय, हेही सांगता येत नाही.

प्लेटलेटचं तर विचारूच नका. त्या डेंग्यूत घटतात, तशा नुसत्या एचआयव्हीतही घटू शकतात. 90 हजारांवरून 70 हजारांवर येणं आणि अडीच लाखांवरून 70 हजारांवर येणं एकच का? तक्त्यात दोघंही '70 हजार'च.

म्हणून मी निष्कर्षाआधी पहिला तक्ता उघडते: आजारापूर्वीचे प्लेटलेट आणि सीडी4 दिलेत का? सीडी4 ची मोजणी तापाच्या आठवड्यात तात्पुरती खाली येते. दाखल झाल्या दिवशीच्या सीडी4 वरून गट पाडले असतील, तर डेंग्यूने केलेली घट एचआयव्हीच्या खात्यात जमा होते.