भिंतीचा ताल : भास्कर चंदावरकरांच्या संगीतातला काळोख

मागच्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने माझ्या कानाला यंत्र लावले. "मामाजी, हे आयका. डार्क फोक म्हन्तेत याले." एक गोरा माणूस जवळजवळ कुजबुजल्यासारखा गात होता, मागे गिटार होती आणि कारखान्यातून येतो तसा एक घरघराट. देवरीत राष्ट्रीय महामार्गाच्या काठी राहणाऱ्या माणसाला घरघराटाचे अप्रूप नाही. रायपूरकडे जाणारे ट्रक रात्रभर तेच ऐकवतात. पण त्या कुजबुजीने माझी झोप उडवली. नंतर भाच्याच्याच मदतीने मी या प्रकाराची वंशावळ जमवली. लंडनमध्ये १९७६ साली 'थ्रॉबिंग ग्रिसल' या मंडळींनी 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' नावाची कंपनी काढली आणि 'इंडस्ट्रियल' हे नाव रूढ झाले. १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये 'आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन' हा गट भंगारातले लोखंड आणि ड्रिल मशीन वाजवू लागला. डेव्हिड टिबेट यांचा 'करंट ९३' आधी टेपच्या भोवऱ्यांत आणि मंत्रघोषात बुडालेला होता. पुढे तो साध्या गिटारीकडे आणि लोकगीताच्या वळणाकडे आला.

हे सगळे जमवताना मला सारखे एकच नाव आठवत होते : भास्कर चंदावरकर. भाच्याला ते ठाऊक नव्हते. त्याचा दोष नाही. आपण चंदावरकरांना 'प्रायोगिक रंगभूमीचे संगीतकार' अशा शब्दांत गुंडाळून कपाटात ठेवले आहे, आणि तिथे कोणी हात घालत नाही.

चंदावरकर पुण्याचे, जन्म १९३६. रविशंकरांकडे सतार शिकले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अनेक वर्षे संगीत शिकवले, २००९ साली गेले. कुमार शहानींचा 'माया दर्पण', गिरीश कार्नाडांचा कन्नड 'ओंदानोंदु कालदल्लि', मृणाल सेनांचा 'खंडहर', अपर्णा सेनांचा 'परोमा' अशी त्यांच्या कामांची यादी मोठी आहे. यादीत मला रस नाही. मला रस आहे तो १९७२ ते १९८१ या नऊ-दहा वर्षांत, कारण या काळात त्यांनी लोकसंगीताला जे करायला लावले ते मराठीत आधी कोणी केले नव्हते.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले. तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्ये, चंदावरकरांचे संगीत. थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले, आणि १९७३ मध्ये या मंडळींनी 'थिएटर अकॅडमी' काढली. नाना फडणविसांची बदनामी, ब्राह्मणांचा अपमान असे जे वाद झाले त्यांवर रीम भरून लिहिले गेले आहे. संगीतावर मात्र 'कीर्तन, लावणी, अभंग, दशावतार यांचा कल्पक वापर' एवढ्या एका वाक्यावर भागवले जाते. हे वाक्य वाचले की मला राग येतो. वापर तर वगात आणि तमाशापटातही होतो!

हे नाटक मी १९९०च्या आसपास पुण्यात पाहिले. तेव्हा मी विशीत होतो, आणि संगीत म्हणजे मंडईतली दंडार एवढेच मला कळत होते. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते. गोवारी ढाल नाचवतात, रात्री दंडार उभी राहते. पुरुषच बाईचा वेष घेऊन नाचतात, ढोलकी आणि टाळ चालू असतात, आणि पहाटेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. तिथे पाय आपोआप ताल धरतो. पुण्याच्या त्या प्रेक्षागृहातही माझ्या पायाने ताल धरला होता. रंगमंचावर ब्राह्मणांची ती प्रसिद्ध भिंत डुलत होती, नामघोष चालू होता, आणि भिंतीच्या आड एका माणसावर तापलेल्या लोखंडाचे दिव्य होत होते. मला ते कळले तेव्हा माझा पाय थांबला. त्याआधी किती वेळ हलत होता कोण जाणे.

चंदावरकरांचे सगळे काम या पायात आहे असे मला वाटते. त्यांनी काळोखासाठी वेगळा, भेसूर सूर शोधला नाही. दुसऱ्या कोणी वाद्यांचा कल्लोळ केला असता, आणि प्रेक्षक सावध झाला असता. चंदावरकरांनी आपल्या आजीचे, देवळातले, गणपतीतले सूर होते तसे गोड ठेवले. कीर्तनाला खेटून लावणी येते, लावणीतून पुन्हा अभंग निघतो, आणि जोड कुठे आहे ते कानाला सापडत नाही. देवघर आणि बावनखणी यांच्यात जी भिंत आपण मानतो ती संगीतात नसतेच. उभी राहते ती फक्त माणसांची भिंत, आणि तिला ताल आहे. कारखान्याचा घरघराट इथे नाही हे खरे, पण एकाच लयीत हलणारी डझनभर शरीरे हे यंत्रच नव्हे काय?

यावर एक जुना आक्षेप आहे. संगीत इतके देखणे झाले की क्रौर्याचीही करमणूक झाली, लोक घाशीरामचे नाच पाहायला जाऊ लागले. मी हा आक्षेप फेकून देत नाही. पुण्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ शेवटपर्यंत मांडीवर ठेका देत होते, त्यांचा हात एकदाही थांबला नाही. पण युरोपात याच वाटेवर काय झाले ते पाहावे. 'डेथ इन जून' या गटाने नाझींची कवटी आपल्या चिन्हात घेतली, तिचा अर्थ सांगायचे टाळले, आणि वर्षानुवर्षे वाद ओढवून घेतले. तिथे काळोख हा पोशाख आहे. चंदावरकरांकडे तो पोशाख नाही. सत्ता कोणाच्या गळ्यातून गाते, हे त्यांच्या संगीतात ऐकू येते. ज्याला ऐकायचे नाही त्याच्यापुढे कोणताही संगीतकार हतबल असतो.

१९७५च्या 'सामना'त त्यांनी उलट दिशा धरली. साखरसम्राटाचे गाव, तिथे येऊन पडलेला एक दारुडा मास्तर आणि नाहीसा झालेला एक माणूस. आरती प्रभूंचे शब्द, रवींद्र साठ्यांचा आवाज, वाद्यांची गर्दी नाही. वाटसरूने स्वतःशीच गुणगुणावी अशी चाल. इथे गर्दी निघून गेली आहे आणि एकटा माणूस उरला आहे. भाच्याच्या यंत्रातला तो कुजबुजणारा गोरा मला या गाण्याचा धाकटा भाऊ वाटला.

'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) मला तेवढा भिडत नाही. ब्रेख्तच्या नाटकाचे पु. ल. देशपांड्यांनी केलेले रूपांतर, 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' गाजवून आलेले रॉकगायक नंदू भेंडे त्यात अंकुश, तमाशाच्या बाजात रॉकची फोडणी. प्रयोग म्हणून धाडसी आहे, पण त्याला आपल्या धाडसाची फार जाणीव आहे. १९८१चा 'आक्रीत' मानवतच्या हत्याकांडावरचा, अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. अंधश्रद्धेने घेतलेल्या बळींच्या विषयाला संगीत द्यायलाही पुन्हा चंदावरकरच होते, यात मला आश्चर्य वाटत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. चंदावरकरांचे लोकसंगीत पुणे, कोकण, देश इथले आहे. झाडी त्यात नाही. दंडार, खडी गंमत, गोंडी ढोल हे त्यांच्या नकाशाबाहेर राहिले. आमच्या भागात 'प्रायोगिक' हा शब्द आला तोही पुण्याचा पत्ता घेऊनच. त्यांनी वाद्यांवर, नाट्यसंगीतावर, चित्रपटसंगीतावर लिहिलेले मी शोधून शोधून वाचले. 'वाद्यवेध' तर दोनदा. इतका मोकळा कान असलेल्या माणसाने एक दिवाळी इकडे काढली असती तर, असे दर वेळी वाटते. पहाटे तीनला दंडारीतला गळा बसतो, ढोलकी मात्र थांबत नाही, आणि त्या बसलेल्या गळ्यातून जे निघते त्याला अजून कोणी नाव दिलेले नाही.

भाऊबीजेच्या रात्री मी भाच्याला 'सामना'मधले ते गाणे ऐकवले. आम्ही ओट्यावर बसलो होतो, समोरून ट्रक जात होते. गाणे संपल्यावर त्याने विचारले, "कोन्ता बँड हाये हा?" मी साल सांगितले. त्याने यंत्र कानातून काढले नाही, गाणे पुन्हा सुरुवातीला नेले.